तालाचे गोत्र

एम.ए.च्या वर्गात ‘प्रभाव’ ही संकल्पना शिकवताना अलीकडे मला कवितेपेक्षा तालाचे उदाहरण अधिक उपयोगी वाटू लागले आहे. अमुक कवीवर तमुकाचा प्रभाव, असे आपण सहज म्हणून जातो. जणू प्रभाव म्हणजे आपसूक वाहणारा वाराच. ताल मात्र कुणाच्या तरी हातांतून येतो.

आमच्या मांजरीत वरातीपुढचे बँडवाले ‘अलबेला’च्या चाली आजही वाजवतात आणि भगवानदादांची ती पावले न शिकताही साऱ्यांना येतात. १९५१ सालच्या या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. पण ‘शोला जो भडके’ नीट ऐकावे. त्यातला बोंगो क्यूबाचा, आणि क्यूबात तो घडवला गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी. त्याच आफ्रो-क्यूबन परंपरेशी नाते सांगणारा ठेका बो डिडली याने १९५५ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला आणि रॉक संगीताने तो आपला मानला. ‘अलबेला’ आणि रॉक ही अशी एकाच गोत्रातली भावंडे ठरतात.

हे गोत्र मुंबईत आले कसे? १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे मुंबईतल्या जॅझवर गोव्याकडच्या वादकांची एक पिढी घडली. ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांपैकीच. ते सी. रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’त आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. चाल चितळकरांची, हे निर्विवाद. परंतु त्या चालीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या लेखनात वाझ यांचे नाव कितीदा येते?

नाव गळण्याची किंमत काय असते, हे सॉलोमन लिंडा या झुलू गायकाच्या आयुष्यात दिसते. त्याने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केले. हक्क गेले दहा शिलिंगांत. त्यावर बेतलेले ‘द टोकन्स’चे गाणे १९६१ मध्ये अमेरिकेत गाजले. पुढच्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारला. त्याच्या वारसांशी तडजोड झाली ती २००६ मध्ये.

“मग ‘अलबेला’सुद्धा चोरीच म्हणायची का?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. माझ्या मते नाही. येथे ताल आणणारा वादक स्वतः उपस्थित होता, त्याच्या कलेला काम मिळाले होते, आणि चितळकरांनी त्या तालावर अस्सल स्वतःची चाल उभी केली. लिंडाच्या गाण्याचे तसे नव्हते; तेथे गाणे घेतले गेले आणि गाणारा बाहेर राहिला. समीक्षेने या दोन घटनांना ‘प्रभाव’ हा एकच शब्द वापरू नये. कोणी दिले, कोणी घेतले आणि मोबदला कोणाला मिळाला, हे तिन्ही प्रश्न विचारल्यावाचून तो शब्द उच्चारूच नये, असे मी आता वर्गात सांगतो.