वाळवंटातलं कारागिरांचं गाव

इजिप्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते पिरॅमिड आणि राजांचे सोन्याचे मुखवटे. पण राजांच्या कबरी ज्यांनी खोदल्या, रंगवल्या, त्या माणसांचं घरदार कसं होतं? ते पाहायचं तर लक्सरला नाईल ओलांडून पश्चिमेच्या काठावर जायला हवं. तिथं उघड्याबोडक्या डोंगरांच्या खोलगटीत देर एल-मदिना नावाचं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे. छपरं केव्हाच गेली, पण भिंती कमरेइतक्या उभ्या आहेत. कोटाच्या आत एकाला एक चिकटून सत्तरएक घरं. पुढची खोली, मधलं माजघर, मागं स्वयंपाकघर आणि गच्चीवर जायला जिना. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण व्हावी अशीच बेतशीर मांडणी!

गावात विहीर नव्हती. पाणी गाढवांवरून यायचं आणि पगार धान्यात मिळायचा. आठवडा दहा दिवसांचा. त्यातले बरेचसे दिवस पुरुष वर डोंगरातल्या झोपड्यांत मुक्कामाला असत, म्हणजे घराचा गाडा बायकाच ओढत. कामावर कोण आलं नाही आणि का, याचीसुद्धा नोंद ठेवलेली असे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाची अशी एक दगडी चीप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले आणि कुणाच्या घरी बायको किंवा मुलगी 'बाजूला बसली' म्हणून तो घरी राहिला!

आता या कारागिरांची हत्यारं पाहा. लोखंड नाही, तांबं आणि कासं. करवत, पटाशी, वाकस आणि धनुकलीनं फिरवायचा सामता, एवढाच संसार. तांबं मऊ, पुढं रेटलं तर पातं वाकायचं. म्हणून करवतीचे दाते मुठीकडे वळवलेले असत आणि ती ओढून चालवत. फळी उभ्या खांबाला दोरीनं घट्ट बांधायची आणि वरून खाली कापत यायचं. रंधा त्यांना ठाऊकच नव्हता. वाकसानं तासायचं आणि वालुकाश्माच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायचं. जवळच रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे. तिच्या भिंतीवर हे सगळं रंगवलेलं दिसतं. अगदी चुलीवर ठेवलेलं सरसाचं भांडं आणि कुंचल्यानं सरस लावणारा माणूससुद्धा!

शिवाय लाकडाचा तुटवडा. बाभूळ, उंबराच्या जातीचं झाड, झाऊ ही घरची झाडं. त्यांच्या सरळ, लांब फळ्या निघत नाहीत. उत्तम देवदार लेबनॉनहून यायचा आणि काळंभोर आबनूस दक्षिणेकडून. मग काय करायचं? चिंध्या जोडून आपण गोधडी शिवतो, तसे हे सुतार लहान लहान तुकडे खाच आणि कुसू करून एकमेकांत बसवत, लाकडी खुंट्या ठोकत, भेगा लुकणानं भरत आणि वर पांढरा हात देऊन रंगवत. साध्या लाकडाची खुर्ची अशी रंगवत, की तिच्यात हस्तिदंत आणि आबनूस जडवलाय असं वाटावं.

चित्रकारांचंही तसंच. बोरूसारख्या काडीचं टोक कुटून कुंचला करायचा. गेरू, काजळी, चुना-गिप्सम आणि तांबं-वाळू भाजून केलेला निळा, हे रंग. भिंतीवर तांबड्या रंगात बुडवलेल्या दोरीनं चौकटी आखायच्या, आपण रांगोळीचे ठिपके काढतो तशाच. मग तांबडं रेखाटन आणि त्यावर उस्तादाची काळी दुरुस्ती. होरेमहेब राजाची कबर अर्धवट राहिली, म्हणून तिथं या सगळ्या पायऱ्या आजही दिसतात. आत उजेड दिव्यांचा. जुन्या कापडाच्या वाती वळायच्या आणि किती दिल्या, किती जळल्या याचा चोख हिशेब!

याच गावात खा नावाचा मुकादम राहत होता. (नाव वाचून हसू नका!) मेरित त्याची बायको. १९०६ साली इटलीच्या स्कियापारेल्ली यांना या दोघांची न लुटलेली कबर सापडली. आतला जवळजवळ सगळा संसार आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्यात खाची घडीची लाकडी मोजपट्टी आहे. एक हात, त्याच्या सात मुठी, अठ्ठावीस बोटं. हाताबोटांनी मोजायची रीत आपल्याही घरात होतीच की! त्याचा वाकस आहे, सामता आहे. आणि मेरितची पेटी. आत कप्पे आणि कप्प्यांत तेलाच्या, काजळाच्या कुप्या. तिच्या केसांच्या टोपासाठी एक उंच लाकडी कपाट वेगळंच. तिचा पलंगही अंथरूण घालून तयार ठेवलेला.

पण सगळ्यांत जिवाला लागते ती मेरितची शवपेटी. तिच्यावर नाव आहे खाचं. मेरित आधी गेली, पंचविशी-तिशीतच. तिच्यासाठी पेटी तयार नव्हती. जन्मभर राजांसाठी कबरी तयार करणाऱ्या माणसाच्या घरी ऐन वेळी बायकोपुरतंही लाकूड घडवलेलं नव्हतं. तेव्हा खानं स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी तिला दिली. ती तिला मोठी झाली. उरलेल्या जागेत त्यानं घरातल्या चादरी खोचून भरल्या. आपण भांड्यांवर नाव घालून घेतो ना, तशी त्या चादरींवर खाची खूण आहे.

लक्सरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. खाची कबर उघडी नसते, पण त्याच गावातली सेन्नेजेमची रंगीत कबर जरूर पाहा. नवराबायको शेतात बरोबरीनं राबताना रंगवली आहेत. तो पुढं कापणी करतोय आणि ती मागून कणसं गोळा करतेय.