बाबांच्या हेराल्डची कमान

बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आमच्या मांगरात पस्तीस वर्षं उभी होती. गाडी 1967 सालची, मद्रासला बनलेली. बाबा गेले आणि मी तिच्यावरचं ताडपत्र काढलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामं पैसे टाकले की होतात. अडलं ते मागच्या कमानीपाशी.

1988च्या जुलैत बोरीच्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं, गाडी गर्रकन फिरून बांधावर आदळली. आईच्या गळ्याचं हाड मोडलं. मी आठ वर्षांचा, मागच्या सीटवर होतो. बाबांनी पुन्हा कधी स्टिअरिंग धरलं नाही. "माझा हात चुकला," एवढंच म्हणायचे.

हेराल्ड काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण सोयरीक तिथलीच. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली आली आणि तिच्याच सांगाड्यावर बेतून 1962 साली स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार निघाली. त्यामुळे स्पिटफायरवाल्यांचं मागचं दुखणं तेच आमचं. दोन्ही चाकांना मिळून एकच आडवी कमान, डिफरन्शियलच्या डोक्यावर मधोमध आवळलेली. आस फक्त आतल्या टोकाशी मुडपतो, म्हणून चाक वरखाली होताना तिरकंही होतं. वळणात मागचं अंग उचललं की चाक खालून आत दुमडतं आणि रस्त्यावरची पकड जाते. अमेरिकेत 1965 साली राल्फ नेडर यांनी ज्या कॉर्व्हेअर गाडीवर तोफ डागली, तिचा मागचा आस याच जातीचा.

आम्ही पडलो सरकारी कारकून, तीन कोटेशनं घेतल्याशिवाय सही नाही. पहिलं, जुनीच कमान भट्टीत घालून बाक देणं. स्वस्त, पण पोलादाचा ताव नीट बसला नाही तर महिन्यात बसते. दुसरं, इंग्लंडहून सुधारित कमान मागवणं. 1970च्या मार्क फोर स्पिटफायरला ही मिळाली. तिच्यातले बरेचसे पाटे मधोमध झुलते ठेवलेले, त्यामुळे चाक सहजासहजी दुमडत नाही. पण ती लावली की पुढचा अँटी-रोल बारही जाड घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं अंग झुकतं. शिवाय टपाल आणि जकात! तिसरं, कुठेतरी न छेडलेली मूळ कमान शोधणं.

आमच्या म्हाताऱ्या मेस्ताने कमान उतरवली, पाटे मोजले आणि म्हणाला, "हे दोन पाटे तुज्या बापायन मागीर घालून घेतिल्ले. नाल्ल व्हरूंक." मी त्यावर विशेष विचार केला नाही.

मूळ कमान सापडली ती थेट मध्य प्रदेशात. मावशीचे यजमान बालाघाट जिल्ह्यात भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते, निवृत्तीनंतर खैरलांजीला राहिले. (भंडाऱ्याची खैरलांजी नव्हे, ही वेगळी.) गोंदियाला उतरून, वैनगंगा ओलांडून मी पोचलो. भाताच्या कोठाराशेजारी काकांची हेराल्ड होती, बॉडी गंजून गेलेली. पण मागची चाकं किंचित फाकलेली, बसक्या बैलासारखी.

"पाटे वाढवले नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

"वेडा की काय? पाटे वाढवले की गाडी चवड्यांवर उभी राहते. चाकं आधीच आत वळलेली, वळणात मग राहतं काय? ओल्या रस्त्यावर तर देवाचं नाव घ्यायचं." काकांनी दोन्ही हातांनी ते करून दाखवलं. त्यांचे हात थांबले तरी मी बघतच राहिलो. मावशीने चहा आणून ठेवला होता, तो निवला.

कमान आम्ही तिथेच तपासली. घासलेटने पुसली, कोरडी केली, वर खडू चोळला. भेग असेल तर घासलेट खडूत पाझरून रेघ उमटते. एकही उमटली नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत, कमानीच्या ओझ्यावर आणखी पाच किलो तांदूळ मात्र दिले.

मेस्ताने पाट्यांमध्ये ग्रीस भरून ती चढवली. गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार कमानीवर आल्यावरच टोकांचे बोल्ट शेवटचे आवळले. मागून गाडी चांगली दोनेक इंच खाली आली. नारळांचं पोतं आता तिच्यात घालायचं नाही, एवढी अट मान्य केली.

आईला पुढे बसवून बोरीकडे निघालो. वाटेत तिला पाट्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यांना हे कुणी सांगितलं होतं का रे?"

"नाही," मी म्हटलं.

वळण आलं तेव्हा तिने सवयीने दाराचा दांडा धरला.