कॅबिनेट येईपर्यंत

यंत्र उघडं असतं तेव्हा ते मला जास्त कळतं. ही सवय वडिलांची. लासूर स्टेशन या आमच्या गावात ते रेडिओ दुरुस्त करत. सोल्डरचा टाका मारून झाला, आवाज आला, तरी खोका लगेच चढवत नसत. चासी टेबलावर तशीच उघडी ठेवून रेडिओ संध्याकाळपर्यंत वाजता ठेवायचे. बातम्या, भावगीतं, शेतीचे कार्यक्रम, सगळं मी त्या उघड्या चासीवरूनच ऐकत मोठा झालो. कच्चा टाका थंड असताना धरतो आणि तापल्यावर सोडतो, म्हणून तापू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

पुढे माझा पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले. कॅबिनेटपुरते पैसे मात्र कापूस विकल्यावरच मिळणार होते. थांबवेना. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला, त्याच खोक्यावर मांडला. सोबतच्या चकचकीत पिशवीवर नाही, कारण त्या पिशवीचा पृष्ठभाग थोडीफार वीज वाहून नेतो. बटण कॅबिनेटवर असतं. ते नसल्यामुळे बोर्डाच्या कडेच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि पंखा फिरला. त्या दोन पिनांवर पाच व्होल्टच्या वर काही नसतं, म्हणून हाताला धोका नाही. पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, चालू आहे तोवर कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डात थोडी वीज खेळत राहते. रॅम काढताना प्लग उपसायचा, हे मी पोरांना आजही बजावतो.

आमच्या जुन्या घरात सॉकेटचं तिसरं भोक नुसतं नावाला होतं. एसएमपीएसच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे, अर्थिंग नसेल तर त्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याजवळचा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, पण जाणवतो. कॅबिनेट असतं तर तेही असंच झिणझिणलं असतं. शेवटी वडिलांनी अर्थिंगसाठी परसात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. त्या कॉम्प्युटरने घराला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट मी हीच मानतो.

उघड्या कॉम्प्युटरला कमीपणा समजणाऱ्यांना मी अ‍ॅपल-१ची आठवण करून देतो. १९७६मध्ये स्टीव्ह वॉझनियॅकचं ते यंत्र ६६६.६६ डॉलरला विकलं गेलं, ते नुसता बोर्ड म्हणून. पेटी, कीबोर्ड, वीजपुरवठा सगळं घेणाऱ्याने जमवायचं. कित्येकांनी लाकडी पेट्या करून घेतल्या. बोर्डाची मापं आणि स्क्रूची भोकं कुठे असावीत हे ठरवणारं एटीएक्स मानक इंटेलने १९९५मध्ये आणलं, म्हणून तर आज त्या मापाचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या त्याच मापाच्या कॅबिनेटात बसतो.

पण उघडं ठेवायचं ते थोडे दिवस. आमच्याकडे जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाची तूस तरंगते, बाजार समितीकडून कांद्याची फोलपटं उडत येतात, आणि पंखा हे सगळं ओढून घेतो. हिटसिंकच्या पट्ट्यांत तूस बसली की प्रोसेसर तापतो आणि आपणहून वेग कमी करतो.

सध्या मुलीचा नवा कॉम्प्युटर पुठ्ठ्यावर चालू आहे. ग्राफिक्स कार्ड जड. मागून स्क्रूचा आधार नसल्याने ते स्लॉटवर लोंबतं, म्हणून खाली खोडरबर सरकवलंय. रात्रभर मेमरी टेस्ट लावायची हे तिचं तिनेच ठरवलं. वाद फक्त कॅबिनेटवरून आहे. तिला पुढून काच असलेलं हवंय. मी जाळीवर अडून आहे, काढून नळाखाली धुता येईल अशी. लासूरच्या हंगामात काचेमागच्या पंख्यांना हवा पुरायची नाही. ती म्हणते, ‘‘बाबा, मग बाजूला तरी काच चालेल ना?’’ बाजूला चालेल.