जुने द्या, नवे घ्या

आमच्या आळीत येणारी बोहारीण मला नेहमीच मोठी समंजस बाई वाटत आली आहे. विटका सदरा हाती घेऊन ती त्याच्या शिवणी तपासते, काखेतली फाट शोधून काढते आणि तेवढ्याने पातेले लहान करते. पण तो सदरा घालून तुम्ही कोठकोठे हिंडलात, हे मात्र ती कधी विचारीत नाही!

ॲमस्टरडॅमची एक हकीकत वाचताना मला तिची आठवण झाली. शिरेतून नशा घेणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण गर्दुल्ले म्हणून झटकून टाकतो अशा लोकांच्याच संघटनेने तेथे १९८४ साली, हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरू नये म्हणून, वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्यास आरंभ केला.

हे ऐकून माझे एक स्नेही उसळलेच. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" ते म्हणाले.

त्यांचा राग मला समजतो. ज्या घरातला मुलगा या व्यसनापायी हातचा गेला, तेथे सुईचे नावही नकोसे होते. पण किल्ल्या न दिल्याने काय होते, तेही जगाने पाहिले आहे. १९८० नंतर एडिंबरा शहरात हेरॉइनचा सुळसुळाट झाला, तेव्हा दुकानदारांनी सुया विकणे थांबवले. पोलीस सापडेल ती सुई जप्त करू लागले. हेरॉइन थांबले नाही; एकच सुई अनेक हातांतून फिरू लागली. सुईत आणि नळीत रक्ताचा अंश उरतो, आणि त्याबरोबर रोगही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तेथील एका दवाखान्यात तपासलेल्या अशा रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना एचआयव्हीची लागण आढळली. जवळच्या ग्लासगोत व्यसन तेच असूनही लागण फार कमी होती.

इतक्या लांब तरी कशाला जा? आपल्या मणिपुरात १९८९-९० मध्ये हे प्रमाण सहा महिन्यांत शून्यावरून निम्म्यापर्यंत गेले. आज आपल्या सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातही सुयांची ही अदलाबदल आहे.

आणि सुईसाठी आलेला माणूस निदान कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. त्याच्या दंडावरचे गळू दिसते, रक्त तपासता येते. त्याच्या मनात असेल तर जिभेखाली ठेवायच्या ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळीवर त्याला आणता येते. व्यसन सोडायचे तरी त्यासाठी आधी माणूस जगायला हवा ना!

स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि त्या जुन्या सुया?"

"मोजून घेतात आणि रीतसर नष्ट करतात."

"म्हणजे रस्त्यावर पोरांच्या पायांत तरी येत नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांनी सुपारी कातरायला घेतली.