नागपूर की जबलपूर?

शनिवार-रविवार आला की लोक आमच्या नवेगाव बांधला येतात. तलाव आहे, थंडीत पाहुणे पक्षी आहेत, 1975 पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे. पण गावातली बाई सुटीत कुठे जाते? लग्नाला, मय्यतीला, नाहीतर कुणाला दवाखान्यात घेऊन.

माझी मैत्रीण आमच्याच मोहल्ल्यात शिलाई करते. गेल्या वर्षी तिचे शौहर अल्लाहला प्यारे झाले. इद्दत पुरी झाली, मशीन पुन्हा सुरू झाली, पण ती उंबरठ्याबाहेर फारशी निघेना. इद्दत चार महिने दहा दिवसांची. सूरह बकरहच्या 234व्या आयतीत ती मुदत आहे, आणि मुदत संपल्यावर बाईनं रीतीला धरून स्वतःबद्दल जे ठरवावं त्याचा दोष तुमच्यावर नाही, हेही त्याच आयतीत आहे. आयतीचा पहिला भाग मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ असतो. दुसरा कुणी सांगत नाही. मुदत संपली तरी आयाबाया तिच्या दुपट्ट्याचा रंग बघतच होत्या.

म्हणून मीच म्हटलं, दोन दिवस कुठेतरी जाऊ. लग्न नाही, मय्यत नाही, नुसतं जाऊ.

माझ्या मनात जबलपूर होतं. गोंदियाहून पूर्वी सातपुड्यातून छोटी लाइन जायची, डबे अरुंद, वेग असा की उतरून चालावंसं वाटावं. आता मोठी लाइन झाली. बालाघाट, नैनपूर करत सुमारे 230 किलोमीटर. पुढे भेडाघाट: संगमरवराच्या दोन उंच कड्यांमधून वाहणारी नर्मदा, त्यातून नावेची फेरी, आणि धुआंधारचा धबधबा, ज्याचे तुषार धुरासारखे वर उठतात. पावसाळ्यात नाव बंद असते, म्हणून थंडीतच जायला हवं. आणि मुख्य म्हणजे तिथे आम्हाला कुणी ओळखत नाही. नागपूरमध्ये तिनं आधीच फार सोसलं होतं. शौहर मेडिकलमध्ये अकरा दिवस होते, आणि तिथूनच त्यांना घरी आणलं. मी तिच्यासमोर नागपूरचं नावसुद्धा काढत नव्हते.

घरच्यांचं मत नागपूर. कोहमाऱ्याला हायवेवर बस मिळते, साकोली, भंडारा, की आलं नागपूर. मोमिनपुऱ्यात नातेवाईक आहेत, ताजबागेत जियारत होईल. (दर्ग्यावर जावं की नाही, यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत. तो वाद इथे नको.)

मग मेहरमचा प्रश्न निघाला. माझ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दोघीच?" मी म्हटलं, 2018 पासून आपल्या देशातून पंचेचाळीशीच्या पुढच्या बायका चौघींच्या गटात मेहरमशिवाय हजला जातात. त्या म्हणाल्या, "तो हज आहे. तुम्ही कुठे चाललात?" याला माझ्याकडे जवाब नव्हता. हनफी मसलकात सफर साधारण 48 मैलांपासून, म्हणजे 77-78 किलोमीटरपासून धरतात. दोन्ही शहरं त्याच्या पलीकडे. चार रकअतीच्या फर्ज नमाजा दोन्हीकडे कसरच होणार आणि मेहरमही दोन्हीकडे लागणार. शेवटी तिचा मुलगा आणि माझा मुलगा, दोघेही कॉलेजातले, सोबत निघाले. मैत्रिणींच्या सहलीचं असं चार माणसांचं लटांबर झालं. पण सासूबाईंनी स्वतः डब्यासाठी शामी कबाब तळून दिले, हे सांगायला हवं.

शहर मात्र ठरेना. मी एका रात्री तिच्याकडे गेले, मोबाइलवर भेडाघाटचे फोटो दाखवले. तिनं सगळे पाहिले, छान आहे म्हणाली, आणि मशीनवरचा कपडा घडी करत म्हणाली, "बाजी, आपण नागपूरला जाऊ."

मला वाटलं, खर्चाचा विचार करते आहे. तसं नव्हतं. "सतरा वर्षांच्या संसारात आम्ही नागपूरला गेलो ते एवढंच," ती म्हणाली. "वॉर्ड, औषधांचं दुकान, एक्स-रे. मला नागपूर म्हणजे फिनाइलचा वास आठवतो. लोक तिथे फिरायला जातात म्हणे. मला पाहायचंय." आणि जरा थांबून, "त्या चहावाल्या मावशीला पण भेटायचंय." मेडिकलसमोरच्या टपरीवर एक बाई रोज रात्री तिचा थर्मास गरम पाण्यानं भरून द्यायची. शेवटच्या दिवशी घाईत तिला सांगायचं राहून गेलं होतं.

यावर मी काय बोलणार? जानेवारीत एक किरकोळ रजा टाकली आणि निघालो. मेट्रोत तिनं खिडकीची जागा सोडली नाही. सीताबर्डीला गाडी बदलताना पोरं पुढे गेली, आम्ही मागे राहिलो, आणि खूप हसलो. अजब बंगल्यात, म्हणजे 1863 सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ती पेंढा भरलेल्या जनावरांपेक्षा जुन्या कापडांपाशी जास्त रमली असती, पण पोरांना तलवारी बघायच्या होत्या. संध्याकाळी मोमिनपुऱ्यात नातेवाइकांकडे मुक्काम, सकाळी तर्री पोहे. तर्री इतकी झणझणीत की माझ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आणि तरीही दुसरी प्लेट.

रविवारी दुपारी मेडिकल चौकात उतरलो. मुलगा आईचा हात धरून होता, त्यानं गेटकडे एकदाही पाहिलं नाही. टपरी तिथेच होती, मावशीही. तिनं चेहरा ओळखला नाही. रोज शेकडो चेहरे येतात तिथे. मग मैत्रिणीनं पिशवीतून तो निळा, झाकण चेपलेला थर्मास काढला.

"अगं, हे तर तुझंच! मालक कसे आहेत?"

मैत्रिणीनं सांगितलं. मावशीनं स्टोव्ह बारीक केला, बाकड्यावरची किटली उचलून तिला जागा करून दिली आणि चार चहा ठेवले. पैसे तिनं या वेळीही घेतले नाहीत. मैत्रीण तिच्यासाठी स्वतः शिवलेलं परकर-ब्लाउज घेऊन गेली होती, ते मला तेव्हाच कळलं. माप अंदाजानं घेतलं होतं. मावशीनं ब्लाउज अंगाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "बाह्या थोड्या आखूड कर, पुढच्या वेळी आणून दे."

आता फेब्रुवारीत पुन्हा जायचं आहे. जबलपूरचं मी अजून कुणाला बोललेले नाही.