काडेपेटीतला खडा

आमच्या जालना जिल्ह्यात कुणी कूस धरून बसलं की निदान दवाखान्याआधी ओट्यावर होतं. 'मुतखडाच असणार.' लगेच कुणी हुलगे भिजत घालायला सांगतं, कुणी गोखरूचा काढा, कुणी पानफुटीची पानं. लघवी लाल झाली असेल तर 'उष्णता' हा शब्द जोडला जातो, धन्याचं पाणी सुरू होतं. मी या सगळ्याला अडाणीपणा म्हणणार नाही. चैत्र-वैशाखात इथं पारा चाळिशी ओलांडतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालना शहर टँकरची वाट पाहत जगलं. असं सोसणाऱ्या माणसाची लघवी घट्ट होते आणि तिच्यातले क्षार गोठून खडा धरतात. म्हणून ओट्यावरचं निदान पुष्कळदा खरंही ठरतं. पण जे उत्तर बहुतेकांना लागू पडतं, ते ज्याला लागू पडत नाही त्याच्या मुळावर येतं. हे मी स्वतःच्या शरीरावर अनुभवलं आहे.

माझे वडील, अण्णा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये कामाला होते. भट्टीतून निघालेलं लालबुंद लोखंड पुढं सरकत राहायचं आणि त्यांच्या अंगावरून घाम निथळायचा. पाळी संपेपर्यंत पाण्याच्या माठापाशी जायला उसंत नसायची. मी प्राथमिक शाळेत असताना एका पहाटे त्यांच्या कण्हण्यानं घर जागं झालं. कळ पाठीतून निघून जांघेत उतरत होती. त्यांना बसवेना, आडवं पडवेना, उभं राहवेना. पुढं काही दिवस माय त्यांची लघवी फडक्यातून गाळत होती, आणि एकदा फडक्यात खडा आला. तपकिरी, अंगभर बारीक काटे असलेला, करंगळीच्या नखावर मावेल एवढा. अण्णांनी तो काडेपेटीत कापसावर ठेवला. आलेल्यागेलेल्याला पेटी उघडून दाखवली जायची आणि पाहणारा माणूस दबक्या आवाजात 'अरे बापरे' म्हणायचा. दुखण्याच्या शेवटी हातावर घेता येईल अशी एक वस्तू निघते, हे त्या वयात माझ्या मनावर ठसलं.

खड्याला हा मान फार पूर्वीपासून आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे प्रकार आहेत आणि खडा कापून काढायची शस्त्रक्रियाही आहे. शस्त्र न चालवल्यास मृत्यू ठरलेला, चालवल्यास जगण्याची शंका. म्हणून वैद्यानं आधी अनुमती घ्यावी, असं तिथं बजावलं आहे. खडा बोटाला लागतो, डोळ्यांना दिसतो, आता सोनोग्राफीच्या पडद्यावरही चमकतो. जे दिसतं त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

जालन्याला कॉलेजात असताना माझी लघवी पहिल्यांदा कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. डाव्या कुशीत जड, बोथट दुखत होतं. अण्णांसारखी गडाबडा लोळवणारी कळ नव्हती, पण दुखणं हटत नव्हतं. वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणाल्या, पाळीचं असेल. बाईच्या बाबतीत हे आणखी एक तयार उत्तर असतं. रक्त कुठूनही येवो, ते पाळीच्या खात्यावर जमा होतं. चार-पाच दिवसांत रंग निवळला आणि विषय मिटला. रक्त थांबलं की शोधही थांबतो, ही या दुखण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

पुढं घनसावंगी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. शाळा उघडायची, पावसाची पहिली झड यायची आणि केव्हातरी लघवी पुन्हा लाल व्हायची. या खेपेला सोनोग्राफी झाली आणि खडा दिसला. उजव्या मूत्रपिंडात, ४ मिलिमीटर. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दुखत होतं डावीकडं, खडा होता उजवीकडं, पण तेवढ्यासाठी कुणी अडून बसलं नाही. दुखणं फिरतं म्हणे. कूस दुखली की वेदनाशामक इंजेक्शन, रात्री गोळी, सोबत भरपूर पाणी, असा क्रम लागला.

पाण्याबद्दलचा सल्ला तेवढा सोळा आणे खरा होता. इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला खडा झालेल्या माणसांपैकी ज्यांनी रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणं चालू ठेवलं, त्यांच्यातल्या सुमारे १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. बाकीच्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. आमच्याकडं 'बोअरचं जड पाणी' म्हणून पाण्याला बोल लावतात, पण पाणी जड आहे यापेक्षा ते पोटात किती कमी जातं, याला जास्त महत्त्व आहे. आणि शेतात, एसटीत, आडोसा नसलेल्या शाळेत बाया मुद्दाम पाणी कमी पितात, हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

माझ्या दुखण्याचा माग मात्र एका प्रश्नानं लागला. छत्रपती संभाजीनगरच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी रिपोर्टांची चळत बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅडम, लघवी लाल व्हायच्या आधी घसा धरला होता का?"

मी शिक्षिका. जून-जुलैत एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईचा घसा धरणारच, त्याची कोण नोंद ठेवतो? पण आठवू लागले तसे दुवे जुळत गेले. घसा, ताप, आणि एक-दोन दिवसांत तो कोरा चहा. कॉलेजातसुद्धा आधी टॉन्सिल सुजले होते.

त्यांनी ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मलाही पाहायला दिली. काही तांबड्या पेशी गोल गरगरीत होत्या, पण बऱ्याच चेपलेल्या, वाकड्यातिकड्या, कडेला फुगे आलेल्या. ते म्हणाले, खड्यानं खरचटून आलेल्या रक्तातल्या पेशी सहसा आपला आकार टिकवून असतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पिळवटून बाहेर पडलेल्या पेशी अशा विद्रूप होतात. लघवीत प्रथिनंही जात होती आणि रक्तदाब वर सरकला होता. खड्याच्या गोष्टीत या दोघांना जागा नव्हती.

मग बायोप्सी झाली. पालथं झोपवून पाठ बधिर केली. "श्वास धरा" म्हणाले, खट्कन आवाज झाला आणि सुईतून दोऱ्याएवढा बारीक तुकडा निघाला. तपासणीत एका तुकड्यावर चमकणारं रसायन लावलं, तेव्हा गाळणीच्या गाभ्यात हिरवी चकाकी दिसली. आयजीए नेफ्रोपॅथी. घसा आणि आतडं यांच्या अस्तरांचं रक्षण करणारी आयजीए नावाची प्रतिपिंडं सदोष बनून मूत्रपिंडात साचतात. घशाला संसर्ग झाला की तिथं दाह भडकतो, रक्त झिरपतं आणि कूसही दुखू शकते. पॅरिसच्या बर्जे आणि अँग्ले या डॉक्टरांनी हा विकार १९६८ साली मांडला. अश्मरी सुश्रुताला ठाऊक होती. माझ्या आजाराचं वय अण्णांपेक्षाही कमी निघालं.

नाव कळल्यानं आजार गेला नाही. काहींची मूत्रपिंडं या विकारात वीसेक वर्षांत निकामी होतात, हेही मला स्वच्छ सांगितलं गेलं. पण काय करायचं ते कळलं. रक्तदाब ताब्यात ठेवणारी आणि प्रथिनांची गळती कमी करणारी गोळी, मिठाला आवर, ठरलेल्या वेळी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी. मुख्य म्हणजे ती वेदनाशामकं बंद झाली. दुखऱ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करणारं औषध मी खड्याच्या नावावर घेत होते. उजवीकडचा तो खडा आजही जागच्या जागी आहे. त्याचा काही दोष नव्हता.

खड्याखेरीज कारणं पुष्कळ असतात. पन्नाशीपुढच्या, विडी ओढणाऱ्या माणसाला वेदनेशिवाय रक्त गेलं, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही ना, हे दुर्बिणीनं पाहायलाच हवं. लघवीत पू आहे पण नेहमीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, अशा वेळी क्षयाची शंका घ्यावी लागते. क्वचित डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या बेचक्यात चेपली जाते, तेव्हाही कूस दुखते आणि रक्त येतं. यातलं काहीही हुलग्याच्या पाण्यानं बरं होणारं नाही.

मागं पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा वर्गात आला तो डोळे सुजवून. पायावर खरजेच्या फोडांचे वाळलेले डाग होते. त्याची आजी म्हणाली, "उष्णता हाय बाई, लघवी बी लाल व्हतीय." मी त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात पाठवलं. तपासल्यावर त्याचा रक्तदाब वयाच्या मानानं बराच चढलेला निघाला. त्वचेच्या किंवा घशाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांत मुलांच्या मूत्रपिंडाला अशी सूज येते आणि वेळेवर सांभाळलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तोही बरा झाला. आजीचं काही चुकलं नव्हतं. तिला तेवढंच उत्तर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या दिलं होतं.

म्हणून मी आता शाळेत येणाऱ्या आयांना, शेजारणींना, नात्यातल्या बायांना एवढंच सांगते. हुलग्याचं माडगं खुशाल खा, पाणी भरपूर प्या, पण लघवी लाल झाली तर ती तपासून घ्या, आपोआप निवळली तरीही. रंग कसा होता, दुखत होतं का, आधी घसा किंवा फोड आले होते का, तोंडावर सूज आहे का, हे डॉक्टरनं विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. रक्तदाब मोजायला लावा, प्रथिनं तपासायला लावा. आणि खडा सापडला, तरी रक्त त्याच्याचमुळं आलं का, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.