कानोचे दिवस : धुळीचा आठवडा

सोमवार
सकाळी गच्चीवर गेले तर दाला टेकडी दिसेचना. सूर्य वर आला होता, तरी अंगणात सावली पडत नव्हती. उत्तर नायजेरियात नोव्हेंबर ते मार्च हे हरमॅटन वाऱ्याचे महिने. यातली बरीचशी धूळ येते ती ईशान्येकडून, हजार किलोमीटरहून दूर असलेल्या चाडमधल्या बोडेले या खोलगट प्रदेशातून. एका प्राचीन, विशाल सरोवराचा तो कोरडा तळ. तिबेस्ती आणि एनेडी या डोंगरांमधून वारा जोरात घुसतो आणि तिथला गाळ उचलून इकडे आणतो. गाळात सूक्ष्म शैवालांचे सांगाडे असतात, म्हणून धूळ भस्मासारखी बारीक. बंद कपाटातल्या ताटांवरही तिचा थर बसला होता.

मंगळवार
शेजारच्या हाजिया मुद्दाम डोकावून गेल्या. केरसुणी महिनाभर बाजूला ठेवा, म्हणाल्या. झाडलेली धूळ हवेत जाते आणि तिथून छातीत. फरशी फक्त ओल्या फडक्याने पुसायची, तीही दुपारनंतर, वारा मंदावल्यावर. दाराच्या फटीशी ओला पंचा, निजायच्या खोलीत पाण्याचं पसरट घमेलं. गाद्या-उशांवर दिवसभर जुनी चादर, रात्री ती अलगद गुंडाळून बाहेर न्यायची. त्यांच्या घरात हे सगळं लहान मुलांनाही ठाऊक आहे.

बुधवार
पहाटे स्वेटर लागतो, दुपारी पंखा. हवेत ओलावा जवळजवळ नाहीच. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, मुलाचा घोळणा फुटला. त्याला पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरला, रक्त थांबलं. संध्याकाळी कुर्मी बाजारातून ‘मान काडे’ आणलं. शिया झाडाच्या बियांतली ही चरबी थंडीत घट्ट होते आणि तळहातावर लगेच विरघळते. आमच्याकडे कोकणात कोकमतेलाचा गोळा याच कामाला येतो. झोपताना सगळ्यांच्या ओठांना, टाचांना चोळलं.

गुरुवार
घसा खवखवत होता, जेवणावर वासना नव्हती. रस्त्यावर फुलानी बाई भोपळ्याच्या भांड्यातून ‘फुरा दा नोनो’ विकत होती : शिजवलेल्या बाजरीचे गोळे आंबट दुधात कुस्करलेले. आंबील पिऊन वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. घशाला थंडावा मिळाला आणि पोटात पाणीही गेलं. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरडी हवा अंगातलं पाणी शोषतच असते. म्हणून आता घरात तासातासाला पेला भरायचा नियम केला आहे.

शुक्रवार
आज मुलाच्या लसीची चौकशी केली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी याच कोरड्या मोसमात येतात. धूळ आणि कोरड्या हवेने नाका-घशाचं आतलं अस्तर दुखावतं आणि जंतूंना वाट मिळते. 1996 मध्ये कानोने भयंकर साथ सोसली. 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस मोठ्या प्रमाणावर देणं सुरू झालं आणि ‘अ’ गटाच्या जंतूची साथ जवळजवळ थांबली. ती लस बनली पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. पुढची, पाच गटांवर चालणारी लसही तिथलीच; 2024 मध्ये ती सर्वांत आधी नायजेरियाने स्वीकारली. हे हाजियांना सांगताना ऊर भरून आला.

शनिवार
धुळीमुळे विमानं रद्द. लागोसहून येणारे पाहुणे तिकडेच अडकले. त्यांच्यासाठी घर चकचकीत करायचा बेत मी सोडला. धूळ उद्याही येणार, परवाही. या हवेत घराची चमक राखण्यात शक्ती घालवू नये. नाक, घसा, कातडी यांची ओल राखावी. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली आहेत, आणि परक्या मुलखात नव्याने आलेल्याने आधी त्यांच्याकडून शिकावं.

उद्या हवा निवळली तर कोफर माताच्या निळीच्या रंगकुंडांकडे जायचं आहे. त्याबद्दल पुढच्या भागात.